ब्राउझर अडला की पुसापुशी शेवटी: घरच्या संगणकासाठी क्रमवार मार्गदर्शन

घरच्या संगणकावर एखादे पान उघडेनासे झाले, की बहुतेक जण शेवटचा उपाय सर्वांत आधी करतात. सगळा इतिहास, कुकी (संकेतस्थळाने ओळख लक्षात ठेवण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) आणि कॅशे (पाने लवकर उघडावीत म्हणून साठवलेले त्यांचे तुकडे) एका झटक्यात पुसतात, नाहीतर ब्राउझर काढून टाकून पुन्हा बसवतात. त्याने कधी काम होते, कधी होत नाही. पण दोन गोष्टी मात्र हमखास होतात. साठवलेले पासवर्ड, बुकमार्क आणि उघडी असलेली लॉगिन धोक्यात येतात, आणि दोष नेमका कोठे होता हे सांगणाऱ्या खुणा नाहीशा होतात. शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी असे झाले, तर ते नुकसान भरून काढायला वेळही उरत नाही.

म्हणून पुढे दिलेला क्रम पाळावा. त्यामागचा नियम असा आहे की आधी दोषाची जागा शोधायची, मग सर्वांत लहान बदल करायचा, आणि एका वेळी एकच बदल करून लगेच तपासायचे. तीन बदल एकदम केले आणि पान उघडले, तर कशाने उघडले हे कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तोच दोष परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हे मार्गदर्शन विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकासाठी आणि क्रोम, एज व फायरफॉक्स या तीन ब्राउझरांसाठी आहे. क्रोम आणि एज यांचा गाभा एकच असल्याने त्यांच्या बहुतेक पायऱ्या सारख्या आहेत.

## तयारी: हात लावण्यापूर्वी काय जपून ठेवावे

पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा टिपून ठेवावा. ‘साइट चालत नाही’ एवढ्या वर्णनावरून कोणालाच काही सांगता येत नाही. संदेशाच्या खाली बारीक, फिकट अक्षरांत जो इंग्रजी संकेत असतो, तोच खरा कामाचा असतो. विंडोज, शिफ्ट आणि एस ही तीन बटणे एकत्र दाबली की पडद्याचा हवा तेवढा भाग चित्र म्हणून टिपता येतो. सोबत वेळ आणि संकेतस्थळाचा पूर्ण पत्ताही लिहून ठेवावा.

त्यानंतर बुकमार्कची प्रत काढावी. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबल्यावर बुकमार्कची यादी उघडते. तिच्या मेनूतील ‘एक्स्पोर्ट’ निवडून मिळणारी फाइल डेस्कटॉपऐवजी पेन ड्राइव्हवर ठेवावी.

पासवर्डचे काम अधिक नाजूक आहे. ते ब्राउझरमध्ये साठवले असतील, तर ते खात्याशी जोडलेले आहेत की फक्त या संगणकावर आहेत, हे आधी पाहावे. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातील प्रोफाइलच्या चित्रावर क्लिक केले की सिंक, म्हणजे ब्राउझरमधील माहिती खात्यातही साठवण्याची सोय, चालू आहे का ते दिसते. सिंक बंद असेल, तर पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमधून पासवर्ड एक्स्पोर्ट करता येतात.

सावधान: एक्स्पोर्ट केलेली पासवर्डची फाइल साध्या मजकुराची असते आणि ती कोणीही उघडून वाचू शकतो. काम संपताच ती रिसायकल बिनमधूनही काढून टाकावी. दुरुस्तीसाठी संगणक बाहेर देण्यापूर्वी तर ती संगणकावर मुळीच असू नये.

शेवटी एक गोष्ट तपासावी. ज्या खात्यांमधून तुम्ही बाहेर पडणार आहात, त्यांच्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे का? ओटीपी जुन्या, बंद पडलेल्या सिमवर जात असेल, तर एकदा लॉग आउट झाल्यावर परत आत जाणे फार कठीण होते. ज्येष्ठांच्या संगणकावर ही अडचण वारंवार येते, त्यामुळे त्यांच्या संगणकाला हात लावण्यापूर्वी हे नक्की विचारून घ्यावे.

## टप्पा १: दोष कोठे आहे ते ठरवावे

या टप्प्यात काहीही बदलायचे नाही, फक्त पाहायचे आहे. चार प्रश्न या क्रमाने विचारावेत.

1. त्याच ब्राउझरमध्ये दुसरे एखादे, रोजच्या वापराबाहेरचे संकेतस्थळ उघडते का? उघडत असेल, तर इंटरनेट चालू आहे आणि दोष त्या एका संकेतस्थळापुरता आहे.
2. तेच संकेतस्थळ त्याच संगणकावर दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडते का? विंडोजसोबत एज असतोच, त्यामुळे ही चाचणी कोणालाही करता येते.
3. तेच संकेतस्थळ मोबाइलवर, घरचे वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावर उघडते का?
4. संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडल्यावर काय होते?

दुसऱ्या ब्राउझरमध्ये पान उघडले, तर दोष पहिल्या ब्राउझरमध्ये आहे, आणि थेट टप्पा ४ कडे जावे. संगणकावरच्या सर्व ब्राउझरांमध्ये अडचण आहे पण हॉटस्पॉटवर सगळे सुरळीत चालते, तर दोष घरच्या जोडणीत आहे. मोबाइल डेटावरही तेच संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष बहुधा त्यांच्या सर्व्हरवर, म्हणजे पाने पुरवणाऱ्या त्यांच्या संगणकावर, आहे आणि घरी करण्यासारखे काहीच नाही.

ही शेवटची शक्यता लोक सहसा मान्य करत नाहीत. पानावर ५०२ किंवा ५०३ असा आकडा दिसला, तर समोरचा सर्व्हर कोलमडला आहे किंवा त्याच्यावर झेपण्यापलीकडे भार आला आहे. निकालाच्या दिवशी किंवा अर्जाच्या अंतिम मुदतीच्या संध्याकाळी हे हमखास होते. अशा वेळी कुकी पुसत बसण्यापेक्षा रात्री उशिरा किंवा पहाटे पुन्हा प्रयत्न करावा. ४०४ आला, तर सर्व्हर ठीक आहे पण त्या पत्त्यावर ते पान नाही. जुना बुकमार्क सोडून मुख्य पानावरून आत जावे. ‘डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन’ असा संकेत आला, तर त्या नावाचा पत्ता सापडत नाही, म्हणून नावाचे स्पेलिंग आधी तपासावे. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे समोरून ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी वेगळी सूचना द्यावी लागेल. भारतातील काही सरकारी संकेतस्थळे देशाबाहेरच्या जोडणीला उत्तरच देत नाहीत. पुण्यात बसलेल्या भावाच्या संगणकावर ते पान उघडते आणि तुमच्याकडे फक्त वर्तुळ फिरत राहते, तेव्हा दोष तुमच्या ब्राउझरचा नसतो. भारतातही व्हीपीएन (तुमची जोडणी दुसऱ्या ठिकाणाहून वळवणारे सॉफ्टवेअर) चालू राहिला असेल तर हाच परिणाम दिसतो, म्हणून तो बंद करून पाहावा.

तपासणी: दोष एका संकेतस्थळाचा, एका ब्राउझरचा, संपूर्ण संगणकाचा की घरच्या जोडणीचा, हे एका वाक्यात सांगता येत असेल तरच पुढे जावे.

## टप्पा २: जोडणी आणि प्रॉक्सी

घरी फायबर असेल, तर आधी भिंतीवरच्या डब्याचे दिवे पाहावेत. एलओएस असे लिहिलेला दिवा लाल पेटला किंवा लुकलुकत असेल, तर प्रकाशतंतूतून संकेतच येत नाही. ही तक्रार सेवा देणाऱ्याकडे नोंदवावी, संगणकाला हात लावू नये. तो दिवा बंद आणि पॉन असे लिहिलेला, जोडणी जुळल्याचे दाखवणारा दिवा स्थिर असेल, तर फायबरचा डबा आणि राउटर दोन्हींचा वीजपुरवठा बंद करून मिनिटभर थांबावे. आधी फायबरचा डबा सुरू करावा आणि पॉनचा दिवा स्थिर झाल्यावरच राउटर सुरू करावा. दोन्ही एकाच पेटीत असतील, तर हा क्रम अर्थातच लागू नाही.

सावधान: राउटरच्या मागे टाचणीने दाबायचे जे रीसेटचे छिद्र असते, ते दाबू नये. त्याने राउटर नुसता पुन्हा सुरू होत नाही, तर त्याची सगळी मांडणी पुसली जाते, आणि काही जोडण्यांमध्ये तंत्रज्ञ आल्याशिवाय इंटरनेट पुन्हा सुरू होत नाही.

मोबाइलवर घरचे वाय-फाय नीट चालते, पण संगणकावर कोणताच ब्राउझर चालत नाही, अशी स्थिती असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ आणि त्यात ‘प्रॉक्सी’ उघडावे. प्रॉक्सी म्हणजे संगणक आणि इंटरनेट यांच्यामधला मध्यस्थ सर्व्हर. घरगुती संगणकावर ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ हे बंदच असायला हवे. एखादा व्हीपीएन किंवा फुकटचे सॉफ्टवेअर काढून टाकल्यावर ही खूण मागे राहून जाते, आणि सगळी पाने अस्तित्वात नसलेल्या मध्यस्थाकडे धाव घेत राहतात. हे बंद केल्यावरही ते आपोआप पुन्हा चालू होत असेल, तर संगणकात अनाहूत प्रोग्राम शिरला आहे असे समजून विंडोज सिक्युरिटीची पूर्ण तपासणी चालवावी.

## टप्पा ३: तारीख आणि वेळ

‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ हा संदेश एकाच वेळी बऱ्याच संकेतस्थळांवर दिसू लागला, तर पहिली नजर पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील घड्याळाकडे जावी. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि संपण्याची तारीख असते. संगणकाचे वर्ष चुकीचे असेल, तर खरे प्रमाणपत्रही ब्राउझरला मुदतीबाहेरचे दिसते. संकेताच्या शेवटी ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ असे शब्द असतील, तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

1. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि त्यात ‘डेट अँड टाइम’ उघडावे.
2. कालविभाग यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असलेला, भारताचा आहे याची खात्री करावी. परदेशात असाल तर तेथील स्थानिक विभाग ठेवावा.
3. ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ चालू करून ‘सिंक नाऊ’ दाबावे.
4. ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा.

जुन्या डेस्कटॉपवर घड्याळ दुरुस्त केल्यावरही, रात्री मुख्य बटण बंद केले की दुसऱ्या दिवशी तारीख पुन्हा कित्येक वर्षे मागे गेलेली आढळते. याचे कारण मदरबोर्डवरची नाण्याच्या आकाराची बॅटरी संपलेली असते. बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती सीआर २०३२ असते: ३ व्होल्टची, २० मिलिमीटर व्यासाची आणि ३.२ मिलिमीटर जाडीची. संगणकाची केबल भिंतीतून काढून, पेटीचे झाकण उघडून, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून नवी बॅटरी बसवावी. ब्राउझरची म्हणून वर्षभर सहन केलेली तक्रार एवढ्याशा बॅटरीने मिटते, आणि तोवर त्या ब्राउझरची मांडणी अनेकदा विनाकारण पुसली गेलेली असते.

सावधान: घड्याळ बरोबर असतानाही बँकेच्या किंवा पैसे भरण्याच्या पानावर हा संदेश आला, तर ‘ॲडव्हान्स्ड’ उघडून पुढे जाण्याचा पर्याय कधीही निवडू नये. मोबाइल डेटावर पान तपासावे आणि तेथेही संदेश आला तर व्यवहार थांबवावा.

## टप्पा ४: खरेखुरे बंद करणे आणि अद्ययावत करणे

विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा काही भाग डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे चालू होतो. सगळे नव्याने सुरू करायचे असेल, तर ‘रीस्टार्ट’ निवडावे लागते. रोज संगणक बंद करतो, म्हणून तो रोज नव्याने सुरू होतो, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

ब्राउझरच्या बाबतीतही तसेच आहे. क्रोमची विंडो बंद केली तरी तो मागे चालू राहू शकतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा, यादीत ब्राउझरचे नाव उरले असेल तर ‘एंड टास्क’ करावे आणि मगच तो पुन्हा सुरू करावा. त्याआधी अर्धवट भरलेला अर्ज किंवा न पाठवलेला मजकूर कोठे उघडा नाही ना, ते पाहावे.

मग आवृत्ती तपासावी. मेनूतील ‘हेल्प’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडताच क्रोम, एज आणि फायरफॉक्स स्वतःहून नवी आवृत्ती शोधतात. नवी आवृत्ती उतरली तरी ‘रीलाँच’ दाबेपर्यंत ती लागू होत नाही, आणि हे बटण दिवसेंदिवस न दाबता ठेवणे ही फार मोठ्या प्रमाणावर होणारी चूक आहे.

संगणकावर विंडोज ७ किंवा ८.१ असेल, तर हा प्रश्न सेटिंग्जमध्ये सुटणारा नाही. जानेवारी २०२३ मधील क्रोम १०९ ही त्या प्रणालींवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. नवी संकेतस्थळे तिच्यावर हळूहळू मोडू लागतात, आणि पैशांचे व्यवहार अशा संगणकावर करू नयेत असेच माझे स्पष्ट मत आहे.

## टप्पा ५: इनकॉग्निटोची चाचणी

सर्व टप्प्यांमध्ये कमी श्रमात सर्वाधिक माहिती देणारा टप्पा हाच, आणि लोक नेमका हाच वगळतात. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एन, तर फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट व पी दाबून खासगी विंडो (क्रोममध्ये तिलाच इनकॉग्निटो म्हणतात) उघडावी आणि अडलेले पान तेथे उघडून पाहावे. या विंडोत जुन्या कुकी वापरल्या जात नाहीत आणि वेगळी परवानगी दिलेली नसेल तर एक्स्टेन्शनही, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे पूरक प्रोग्रामही, बंद असतात. त्यामुळे काहीही न पुसता, सगळे पुसल्यावर काय दिसेल याचा अंदाज येतो.

पान येथे नीट उघडले, तर दोष कुकी, कॅशे किंवा एक्स्टेन्शन या तिघांपैकी एकात आहे, म्हणून टप्पा ६ आणि ७ करावेत. येथेही उघडले नाही, तर टप्पा ८ कडे जावे. एक अपवाद लक्षात ठेवावा. क्रोमची खासगी विंडो इतर संकेतस्थळांच्या कुकी अडवते, त्यामुळे एका पानातून दुसऱ्याच्या पेमेंट पानावर जाणारे व्यवहार तेथे अडू शकतात. म्हणून ही चाचणी पान उघडण्यापुरतीच करावी, प्रत्यक्ष पैसे भरून करू नये.

## टप्पा ६: एका संकेतस्थळापुरती सफाई

सुरुवातीला कंट्रोल आणि एफ ५ दाबून पान नव्याने मागवावे. साधे एफ ५ दाबल्यावर ब्राउझर साठवलेले जुने तुकडे वापरू शकतो. कंट्रोल सोबत असला की ते बाजूला ठेवून सर्व काही सर्व्हरकडून पुन्हा आणतो. बटणे दाबली जात नाहीत किंवा पान विस्कटलेले दिसते, या तक्रारी पुष्कळदा येथेच संपतात.

लॉगिन केल्यावर पुन्हा लॉगिनचेच पान येणे, ‘सेशन एक्स्पायर्ड’ असा संदेश सतत दिसणे, किंवा ४०० या आकड्यासोबत कुकी फार मोठी झाल्याचा संदेश येणे, या तिन्हींचे मूळ बहुधा त्या संकेतस्थळाच्या बिघडलेल्या कुकीत असते. पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर क्लिक करावे, ‘कुकीज अँड साइट डेटा’ उघडावे आणि त्या संकेतस्थळापुढील कचरापेटीचे चिन्ह दाबावे. फायरफॉक्समध्ये कुलपाच्या चिन्हाखाली ‘क्लिअर कुकीज अँड साइट डेटा’ हा पर्याय मिळतो. तुम्ही फक्त त्या एका संकेतस्थळातून लॉग आउट होता, बाकी सर्व जसेच्या तसे राहते.

एवढ्यानेही झाले नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबून येणाऱ्या चौकटीत फक्त ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’ यावर खूण ठेवून कॅशे पुसावा. कॅशे पुसल्याने काहीही कायमचे जात नाही, पाने पहिल्यांदा थोडी हळू उघडतात इतकेच.

सावधान: त्याच चौकटीत इतिहास, पासवर्ड आणि आपोआप भरल्या जाणाऱ्या माहितीच्याही खुणा असतात. सिंक चालू असताना येथे पासवर्ड किंवा इतिहास पुसला, तर तो मोबाइलवरूनही जातो. प्रत्येक खूण वाचल्याशिवाय बटण दाबू नये.

## टप्पा ७: एक्स्टेन्शन

खासगी विंडोत पान चालते आणि कुकी पुसूनही नेहमीच्या विंडोत चालत नाही, तर एक्स्टेन्शनवर संशय घ्यावा. सर्व एक्स्टेन्शन काढून टाकू नयेत, फक्त बंद करावीत. पान चालू झाले, तर त्यांपैकी निम्मी चालू करून पाहावे. अडचण परतली तर दोषी त्या निम्म्यांत आहे, नाहीतर उरलेल्यांत. अशा रीतीने ८ एक्स्टेन्शन असली तरी ३ फेऱ्यांत नेमके एक हाती लागते. एकेक करून तपासण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होते.

जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन पेमेंटची चौकट किंवा कॅप्चाही (तुम्ही माणूस आहात हे तपासणारी चौकट) अडवतात, म्हणून तेथून सुरुवात केली तरी चालेल. मुखपृष्ठ आपोआप बदलत असेल किंवा पत्त्याच्या पट्टीत लिहिलेला शोध भलत्याच पानावर जात असेल, तर तुम्ही स्वतः न बसवलेले एक्स्टेन्शन शोधावे आणि ते मात्र काढूनच टाकावे. घरच्या संगणकावर क्रोमच्या मेनूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असे दिसले, तर एखाद्या सॉफ्टवेअरने ब्राउझरवर नियम लादले आहेत. ते अँटिव्हायरसचेही असू शकतात. पण तसे काही बसवल्याचे आठवत नसेल, तर विंडोजच्या प्रोग्रामच्या यादीत अलीकडे काय आले आहे ते पाहावे.

## टप्पा ८: परवानग्या, भाषांतर आणि कीबोर्ड

येथे येणाऱ्या तक्रारींमध्ये ब्राउझर मुळात बिघडलेलाच नसतो.

पावती किंवा उतारा उघडत नाही. अनेक सरकारी आणि बँकांच्या संकेतस्थळांवर तो नव्या विंडोत उघडतो, आणि ब्राउझर ती विंडो पॉप-अप समजून अडवतो. बटण दाबल्यावर पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला लहानसे चिन्ह उमटते, त्यावर क्लिक करून फक्त त्या संकेतस्थळाला परवानगी द्यावी. सर्वच संकेतस्थळांना पॉप-अपची मोकळीक देऊ नये. पैसे भरून झाले असतील आणि पावती आली नसेल, तर पुन्हा पैसे भरण्यापूर्वी खात्यातील नोंद आणि संकेतस्थळावरील व्यवहारांची यादी पाहावी.

कोपऱ्यात ‘व्हायरस सापडला’ अशा चौकटी येत राहतात. त्या चौकटी एखाद्या संकेतस्थळाच्या नोटिफिकेशन असतात. ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे सांगणाऱ्या पानावर घरातल्या कोणीतरी ती परवानगी दिलेली असते. अँटिव्हायरस विकत घेण्याची काही गरज नसते. ‘साइट सेटिंग्ज’ मधील ‘नोटिफिकेशन्स’ उघडून अनोळखी नावे काढून टाकावीत, आणि संकेतस्थळांनी यापुढे विचारूच नये असा पर्याय निवडावा.

संपूर्ण पडदा व्यापून इशारा आणि फोन क्रमांक दिसतो. त्या क्रमांकावर कधीही फोन करू नये. एस्केप काही क्षण दाबून धरावे, तरी पडदा सुटला नाही तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा आणि पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणण्याचा प्रश्न आला तर नकार द्यावा. कोणाच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा देणारे ॲप बसवले गेले असेल किंवा पैसे गेले असतील, तर इंटरनेट तोडून, क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर कळवावे.

पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा ठरतो. मराठी कीबोर्ड चालू राहिला आहे का ते पाहावे. पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे देवनागरी अक्षरे पडत आहेत हे कळत नाही. विंडोज आणि स्पेसबार दाबून इंग्रजी कीबोर्ड निवडावा आणि वापरकर्ता नावाच्या चौकटीत एक अक्षर लिहून खात्री करावी. काही संकेतस्थळे चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते काही काळ बंद करतात, म्हणून ही खात्री तिसऱ्या प्रयत्नानंतर नव्हे, पहिल्यानंतर करावी.

अर्ज मध्येच गोठतो. ब्राउझरने पानाचे आपोआप मराठीत भाषांतर केले असेल, तर ‘शो ओरिजिनल’ निवडावे. भाषांतर करताना पानाच्या आतील मजकूर बदलला जातो आणि जिल्हा निवडल्यावर तालुक्याची यादी बदलणे यांसारख्या क्रिया त्यामुळे अडू शकतात.

मराठी मजकुराऐवजी अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. ते पान युनिकोडच्या (सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतांच्या) आधीच्या फॉन्टमध्ये लिहिलेले असते आणि तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नसतो. ब्राउझरच्या कोणत्याही सेटिंगने हे सुधारत नाही. तो फॉन्ट बसवावा लागतो किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

## टप्पा ९: संथपणा आणि काळा पडदा

क्रोम आणि एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किंवा कोणते एक्स्टेन्शन किती मेमरी खाते ते दिसते. ४ जीबी मेमरीच्या संगणकावर वीस टॅब उघडे ठेवून ब्राउझरला दोष देण्यात अर्थ नाही. क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ आणि एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्स’ चालू करावेत. विंडोज असलेल्या ड्राइव्हवर मोकळी जागा जवळपास उरलेलीच नसेल, तर डाउनलोड फोल्डर रिकामा करण्यापासून सुरुवात करावी.

व्हिडिओच्या जागी काळी चौकट येत असेल किंवा पडदा चमकत असेल, तर सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ मध्ये ‘ग्राफिक्स ॲक्सिलरेशन’ बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा. फरक पडला, तर दोष बहुधा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पडद्यावरचे चित्र हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आहे. तो अद्ययावत करून हे सेटिंग पुन्हा चालू करून पाहावे.

## टप्पा १०: रीसेट, आणि अगदी शेवटी पुन्हा बसवणे

येथवर दोष सापडला नाही, तर आधी क्रोममध्ये नवे प्रोफाइल (सेटिंग्ज, बुकमार्क व कुकी यांचा स्वतंत्र संच) तयार करून त्यात पान उघडून पाहावे. जुने प्रोफाइल जागेवरच राहते, त्यामुळे या चाचणीत गमावण्यासारखे काही नाही. नव्या प्रोफाइलमध्ये सर्व काही चालले, तर जुन्यातील सेटिंग्ज बिघडल्या आहेत, आणि रीसेट करणे योग्य ठरते.

क्रोमच्या सेटिंग्जमधील ‘रीसेट सेटिंग्ज’ केल्यावर एक्स्टेन्शन बंद होतात, कुकी जातात आणि शोधयंत्र व सुरुवातीचे पान मूळ स्थितीला येते. बुकमार्क, इतिहास आणि साठवलेले पासवर्ड राहतात. फायरफॉक्समधील ‘रिफ्रेश’ एक्स्टेन्शन काढून टाकतो, बुकमार्क आणि पासवर्ड जपतो, आणि जुन्या माहितीचे फोल्डर डेस्कटॉपवर ठेवतो. ते फोल्डर सर्व काही सुरळीत असल्याची खात्री होईपर्यंत काढू नये.

ब्राउझर काढून पुन्हा बसवल्याने दोष जात नाही, अशी तक्रार बरेच जण करतात. प्रोग्राम काढला तरी प्रोफाइलचे फोल्डर मागे राहते आणि नव्याने बसवलेला ब्राउझर तेच बिघडलेले प्रोफाइल पुन्हा उचलतो, हे त्याचे कारण आहे. क्रोम काढताना ‘ऑल्सो डिलीट युवर ब्राउझिंग डेटा’ अशी एक खूण विचारली जाते. ती केली तर प्रोफाइलही जाते, आणि सिंक बंद असेल तर बुकमार्क आणि पासवर्ड त्याच्यासोबत कायमचे जातात. तयारीच्या टप्प्यात काढलेली प्रत हाताशी असेल तरच ती खूण करावी, आणि नवा ब्राउझर शोधाच्या यादीतील जाहिरातीवरून न घेता निर्मात्याच्या अधिकृत पानावरूनच उतरवून घ्यावा.

यानंतरही पान उघडले नाही, तर संकेतस्थळाच्या मदत विभागाला लिहावे. त्यांचा क्रमांक शोधयंत्रात शोधू नये, कारण तेथे बनावट मदत क्रमांक पेरलेले असतात. तो संकेतस्थळावरून, पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा. पत्रात पूर्ण पत्ता, दिनांक व वेळ, टिपलेला संकेत, विंडोज आणि ब्राउझरची आवृत्ती, आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये, खासगी विंडोत व मोबाइल डेटावर काय झाले, एवढे लिहावे आणि पडद्याचे चित्र जोडावे. त्या चित्रात आधार क्रमांक, खाते क्रमांक किंवा ओटीपी दिसत असेल, तर पाठवण्यापूर्वी तो भाग कापून टाकावा.